तीनची घडी

३ फेब्रुवारी

दादा,

झालं ते क्रमाने लिहिते.

१. टाचणी इथे आमच्याकडे ठीक आहे. ताप नाही, खोकला नाही, कुठेही भाजलेलं नाही.

२. मागच्या बुधवारी शाळा सुटल्यावर ती लॉन्ड्रीच्या घडी-खोलीत होती. हे खरं आहे.

३. तिच्या हातात हॉटेलची चादर होती. हेही खरं आहे.

४. त्याच वेळी आपला चुलतभाऊ टेम्पो घेऊन तिथे माल उचलायला आला होता. त्याला सगळे रेडिओ का म्हणतात ते तुला माहीत आहे. त्याने फोटो काढला आणि ‘तुझी लेक कामाला लागली’ असं लिहून तुला पाठवला.

५. तू आईला फोन करून विचारलंस, “माझ्या पोरीला धुण्याला जुंपलंत का?” आई गोंधळली आणि तिने फोन ठेवून दिला. तू तो होकार धरलास.

६. तू वस्ती निधीच्या समितीकडे तक्रार केलीस, की अनुदानाच्या नावाखाली मुलांना राबवून घेतलं जातं.

७. समितीने उपक्रम थांबवला. कालपासून घडी-खोलीत मुलं नाहीत.

८. टाचणीला कोणीही कामाला लावलेलं नव्हतं.

तू माझा नंबर बंद केला आहेस म्हणून हे कागदावर. आई म्हणाली, “लिहू नकोस त्याला. तो वाचताना ओठ हलवतो, तो काम करतो त्या सगळ्या बंदराला कळेल.” तरी लिहिते आहे.

माझं काम तुला नीट माहीत नसेल. तुझ्या दुसऱ्या लग्नाला मी आले नाही, त्यानंतर आपण बोललेलोच नाही, आणि ही नोकरी त्यानंतरची आहे. वस्ती निधी म्हणजे इथले दुकानदार, दवाखाना, लॉन्ड्री, दोन-तीन संघटना यांनी मिळून उभा केलेला निधी. त्यातून शाळांना अनुदान मिळतं. हेतू एकच. पुलापलीकडच्या शाळांतली मुलं आणि आपल्याकडची मुलं यांच्यात शिकण्याची जी दरी आहे, ती कमी व्हावी. ती कमी होते का, हे मी मोजते. शिकवणं माझ्याकडे नाही.

टाचणी या उपक्रमात आहे हे मी पहिल्याच दिवशी निधीला लेखी कळवलं होतं. तिच्या चाचण्या दुसरा सहकारी तपासतो. तुझी तक्रार आली तेव्हा नात्यामुळे मला त्या विषयावर समितीत बोलायला मनाई झाली. नियम बरोबर आहे. मीच तो मसुद्यात घातला होता.

हे पत्र तुला लिहिते आहे हेही मी समितीला कळवलं आहे.

तुझी बहीण


११ फेब्रुवारी

दादा,

तुझं उत्तर मिळालं. ‘आकडे मला दाखवू नकोस. फोटो माझ्याकडे आहे.’ ठीक आहे, फोटोच पाहू.

तो मोठा करून बघ. टाचणीच्या डाव्या हाताखाली चादरीच्या कडा दिसतात, त्या मोज. तीन थर आहेत. हॉटेलच्या चादरीची घडी अर्ध्यावर अर्धी, त्यावर पुन्हा अर्धी अशी घालतात. थर दोन, मग चार, मग आठ. तीनची घडी त्या लॉन्ड्रीत कुठल्याच कपड्याला नाही. ती ढिगात नीट बसत नाही आणि हॉटेलवाले ती परत पाठवतात. टाचणीने घातलेली घडी मुकादम बाईंनी नंतर उलगडली आणि नव्याने घातली. म्हणजे तुझ्या मुलीने त्या दिवशी लॉन्ड्रीचं काम केलं नाही. एक काम वाढवून ठेवलं.

आता ती तिथे का होती ते सांगते. सुरुवात एका चुकीने झाली.

शाळेने अनुदान मागितलं होतं ते टॅबलेटसाठी. मागे पडलेल्या मुलांनी शाळा सुटल्यावर एका शांत खोलीत बसून टॅबलेटवर गणित आणि वाचन करायचं, असा प्रस्ताव होता. शाळेत मोकळी खोली नव्हती. मुख्याध्यापिकांनी प्रस्तावात ‘शेजारच्या संस्थेतील सभागृह’ असं लिहिलं. शेजारची संस्था म्हणजे लॉन्ड्री, सभागृह म्हणजे तिची घडी-खोली. निम्म्या मुलांच्या आया तिथेच कामाला, त्यामुळे मुलं तशीही तिकडेच जायची. आमच्याकडे कोणी चौकशी केली नाही. मंजुरी मिळाली.

ती खोली शांत नाही. भिंतीपलीकडे इस्त्रीचे रोलर सतत घरघरतात. छप्पर पत्र्याचं, भिंती जाड, त्यामुळे नेटवर्कही येत नाही. टॅबलेट खोक्यातच राहिले. मुलं सुरक्षेसाठी आखलेल्या पिवळ्या रेघेअलीकडे, टेबलांच्या टोकाला, रांगेत नुसती उभी. मुकादम बाईंना, म्हणजे घडी घालणाऱ्या बायकांच्या प्रमुखांना, कोणी नुसतं उभं राहिलेलं बघवत नाही.

“काय रे, बस चुकली का तुमची? तोंड आहे ना? आज शाळेत काय शिकवलं ते सांगा.”

एका मुलाने सांगितलं, “भागाकार.”

“म्हणजे काय?”

“भागाकार म्हणजे... भागाकार.”

“मला नाही कळलं. तुला कळलं का गं?” त्यांनी समोरच्या बाईला विचारलं. तीही नाही म्हणाली. पुढचीही नाही म्हणाली. तो मुलगा दुसऱ्या दिवशी सरांना विचारून आला.

त्या खोलीचे नियम असे ठरत गेले. बायकांचे हात आणि डोळे चादरीवर असतात, म्हणून वही दाखवून चालत नाही, सगळं तोंडाने सांगायचं. रोलरचा आवाज असतो, म्हणून मोठ्याने सांगायचं. आणि ज्या बाईला कळलं नाही तिने नाही म्हणायचं. मुलाला वाईट वाटेल म्हणून मान डोलवायची नाही. कळलं की हातातली चादर झटकायची. फाट्कन आवाज होतो. तोच त्यांचा होकार.

मुख्याध्यापिकांनी घाबरत घाबरत आम्हाला हे सगळं कळवलं, तेव्हा मी उपक्रम बंद करायची शिफारस करणार होते. मंजूर केलेली एकही गोष्ट जागेवर नव्हती. पण बंद करण्याआधी एक चाचणी घ्यावी लागते, ती घेतली. निकाल इतका चांगला होता की मला वाटलं, उत्तरपत्रिकांची अदलाबदल झाली आहे. पुन्हा तपासल्या. मग नवे प्रश्न काढून, मी स्वतः वर्गात उभं राहून दुसरी चाचणी घेतली.

आकडे दाखवू नकोस म्हणालास. नाही दाखवत.

तुझी बहीण


१९ फेब्रुवारी

दादा,

या वेळी तुझं उत्तर नाही. रेडिओ म्हणतो की तू फोटो मोठा करून पाहिलास आणि त्याला शिव्या घातल्यास. रेडिओच्या बातमीला मी पुरावा मानत नाही.

त्या बुधवारी मी तिथे होते. कोपऱ्यात स्टुलावर बसून नोंदी घेत होते. काय घडलं ते लिहिते. मत देत नाही.

टाचणीबद्दल एक गोष्ट आधी सांगायला हवी. वर्गात “समजलं का?” विचारलं की ती “हो” म्हणायची. घरी मी विचारलं तरी “हो आत्या.” आईने विचारलं तरी “हो आजी.” तिच्या आईच्या शेवटच्या आजारपणातही सगळे तिला विचारायचे, कळतंय ना बाळा, आणि ती हो म्हणायची. चाचणीत मात्र कोरी पानं. शिक्षक म्हणायचे, शांत मुलगी आहे, काही त्रास नाही. घडी-खोलीत हो म्हणण्याची सोय नाही, कारण तिथे प्रश्न तिला नसतो. तिने बायकांना विचारायचं असतं, समजलं का. आणि बायका नाही म्हणतात.

त्या दिवशी तिला सांगायचं होतं की एक तृतीयांश हा एक चतुर्थांशापेक्षा मोठा असतो. पुस्तकात ते एका ओळीत आहे. तिने ती ओळ म्हटली.

“कसं काय?” मुकादम बाई म्हणाल्या. “चार मोठा की तीन?”

“चार.”

“मग चौथा हिस्सा मोठा. सरळ आहे. उगाच आम्हाला फसवू नकोस.”

बायका हसल्या. टाचणी हसली नाही. तिने टेबलांवरच्या ढिगांकडे पाहिलं. मग म्हणाली, “मावशी, चादर द्या.”

“मळवशील.”

“हात धुतलेत.”

तिने दोन्ही हात उलटसुलट करून दाखवले. एक चादर मिळाली. तिने ती मध्यावर दुमडली, पुन्हा मध्यावर, आणि चारचा तुकडा बाईंना दाखवला. मग तीनची घडी घालायला गेली आणि अडकली. मध्यावर दुमडून तीन होत नाहीत. तिने उलगडून पुन्हा केलं, परत तेच. मग तिने एक कड पुढे आणली, दुसरी मागे नेली, सरकवत सरकवत तिन्ही पदर सारखे केले. रेडिओचा फोटो त्या क्षणाचा आहे. त्यात तिची जीभ किंचित बाहेर आलेली आहे. अवघड काम करताना तुझीही येते.

तीनचा तुकडा रुंद दिसत होता. बाईंनी मान तिरकी करून पाहिलं.

“हे पटलं. पण तू अशी वेडीवाकडी का घातलीस? आम्ही घालतो तशी घाल. मध्यावर दुमड, अजून दुमड, येतील तीन.”

“नाही येत मावशी.”

“थोडं पुढे जा, येतील. इतकी वर्षं घड्या घालते मी. मोठी घडी असली की येत असतील.”

टाचणीने दुमडली. चार झाले, आठ झाले. सोळाला चादर जाड होऊन हातात मावेना. तिने ती टेबलावर ठेवली. बायका आपलं काम करत राहिल्या. तिथे कोणी घाई करत नाही, पण कोणी सुटकाही करत नाही. मी पेन खाली ठेवलं होतं. मला उत्तर माहीत होतं, आणि ते सांगू नये म्हणून मी दात दाबून बसले होते.

मग ती बोलली. रोलरच्या आवाजावरून, मोठ्याने.

“कधीच येणार नाहीत.”

“का?”

“दुमडलं की आधीचे दुप्पट होतात. एकाचे दोन. दोनाचे चार. तीन मधेच सुटला.”

“पुढे सहा येईल की. सहात तीन दोनदा असतो.”

“सहा यायला आधी तीन लागतो. तीनच नाही, तर सहा कुठून येणार?”

“बारा?”

“बाराला आधी सहा लागतो. सहाला तीन.”

“नऊ?”

“नऊ तर कशाच्याच दुप्पट नाही.”

“आणि खूप मोठी चादर असली तर? या लॉन्ड्रीएवढी?”

टाचणीने वर बघितलं, त्या पत्र्याच्या छपराकडे. “आकाशाएवढी असली तरी नाही. कितीही वेळा दुमडली तरी नाही.”

दादा, ती दहा वर्षांची आहे. हे पुस्तकात नाही. तिच्या शिक्षकांनी ते शिकवलेलं नाही, मीही नाही. ‘कधीच नाही’ असं छातीठोकपणे म्हणता यावं म्हणून मला कॉलेजात दोन वर्षं सिद्धता शिकवत होते. कुठलीही चादर न उलगडता, जगातल्या सगळ्या चादरींबद्दल, अजून विणल्यासुद्धा नाहीत अशा चादरींबद्दल, या मुलीने खात्रीने काही सांगितलं आणि ते खरं होतं. नोंदवहीत मी फक्त वेळ लिहिली आहे. त्यापुढे काय लिहावं ते अजून सुचलेलं नाही.

आज एवढंच. टाचणीला शाळेत सोडायचं आहे.

तुझी बहीण


२ मार्च

दादा,

तुझी चिठ्ठी आली. एका बाजूला ‘एप्रिलमध्ये टाचणीला न्यायला येतो, तिची तयारी ठेव.’ दुसऱ्या बाजूला वेगळ्या शाईत, बहुधा नंतर लिहिलेलं, ‘मग त्या बाईंना कळलं का?’

दुसऱ्या बाजूचं उत्तर आधी देते.

लगेच नाही कळलं. मुकादम बाईंनी स्वतः एक चादर घेतली, दुमडली, थर मोजले, पुन्हा दुमडली, मोजले. ओठ हलत होते. मग म्हणाल्या, “परत सांग. सहापासून.” टाचणीने सहापासून परत सांगितलं. बाईंनी हातातली चादर पूर्ण उलगडली, दोन्ही हात डोक्याच्या वर नेले आणि झटकली. मग त्यांच्या समोरच्या बाईने. मग शेजारच्या टेबलावर. फाट्, फाट्, फाट् करत तो आवाज खोलीच्या त्या टोकापर्यंत गेला. हवा इतकी हलली की माझे कागद उडाले. टाचणीचे केस उडाले. ती मधोमध उभी होती, हात बाजूला, डोळे मिटलेले. मी तिला तशी आधी कधी पाहिली नव्हती.

बाई शेवटी म्हणाल्या, “इतकी वर्षं दुमडतेय. तीन का येत नाही, कधी विचारच केला नाही मेला. उद्या काय सांगणार आहेस?”

आता तिथे मुलं नाहीत. ती शाळेच्या व्हरांड्यात बसतात. तिथे नेटवर्क येतं, त्यामुळे टॅबलेट खोक्यातून बाहेर निघाले आहेत. प्रस्तावात लिहिलं होतं तसं सगळं आता जागेवर आहे. पडद्यावर विचारतात, समजलं का, आणि मुलं ‘हो’वर बोट ठेवतात. टाचणीही ठेवते. काल मी घरी तिला काहीतरी विचारलं, ती म्हणाली, “हो आत्या.” हा शब्द मी महिनाभर ऐकला नव्हता.

समितीची बैठक १६ मार्चला आहे. तक्रार कायम राहिली तर अनुदान थांबेल आणि घडी-खोली मुलांसाठी कायमची बंद होईल. लॉन्ड्रीच्या मालकांनी सांगितलं आहे की एकदा बोभाटा झाला की ते पुन्हा परवानगी देणार नाहीत. त्यांचंही चूक नाही. तक्रार फक्त तक्रारदाराला मागे घेता येते.

एक गोष्ट मी आकड्यांतून काढलेली नाही. तिच्याबद्दल मला खात्री नाही, म्हणून ती तुलाच विचारते.

बाबा गेले त्या वर्षी तू शाळा सोडलीस आणि घरी पंप दुरुस्तीला घ्यायला लागलास. जमिनीवर जुने कागद पसरून तू पंप खोलायचास. मी उलट्या डब्यावर बसून तुला माझा धडा सांगायचे. तू वर बघायचा नाहीस. तुझे हात ग्रीसने काळे, पुस्तक तू धरूच शकत नव्हतास. तू फक्त म्हणायचास, “म्हणजे काय?” मी सांगायचे. तू म्हणायचास, “नाही कळलं. परत सांग.” मी चिडायचे. आईला म्हणायचे, दादा अगदीच मठ्ठ आहे, एकच गोष्ट चार वेळा सांगावी लागते. आई हसायची. कधीतरी तू पान्याने जमिनीवर एक टक् करायचास, की मला कळायचं, आता पुढचा धडा.

घडी-खोलीतल्या स्टुलावर बसून मी महिनाभर नोंदी घेतल्या. त्या टक्ची आठवण मला त्या बुधवारी आली, चादरी झटकल्या जात होत्या तेव्हा.

एका घरात, एका शाळेत, तुझ्या-माझ्यात जी दरी पडली ती कोणत्याही निधीने मोजली नाही. मी ती माझ्या हुशारीची समजत होते. आता वाटतं, तुला पहिल्याच वेळी कळत होतं. किंवा नव्हतंही. मला ठरवता येत नाही. दोन्हीपैकी काहीही असलं तरी मी जे काही शिकले ते त्या डब्यावर बसून, आणि तू पान्याने टक् करेपर्यंत मला सोडलं नाहीस. तू तेव्हा जेमतेम पंधराचा होतास. हे मी लिहून पुन्हा वाचलं. तरी डोक्यात मावत नाही.

आता पहिल्या बाजूचं. टाचणीची तयारी ठेवते आहे. स्वेटर धुऊन ठेवले, दाखल्यासाठी शाळेत अर्ज दिला. मी अडवणार नाही. तू तिचा बाप आहेस, आणि वहिनींनी तिच्यासाठी खिडकीजवळची जागा ठेवली आहे असं आईने सांगितलं. त्यांना माझा नमस्कार सांग. मी लग्नाला यायला हवं होतं.

तिथे तिला शिकवणी लावू नकोस. संध्याकाळी तू बंदरावरच्या क्रेनचे काही सुटे भाग घरी आणत असशील. ते जमिनीवर पसर, तिला समोर बसव आणि वर बघू नकोस. पुढचं तुला येतं.

पण ती तुझ्याकडे आली म्हणून घडी-खोलीची गरज संपत नाही. बाकीच्या मुलांना भाऊ नाही, असला तरी तुझ्यासारखा नाही. मुकादम बाई रोज संध्याकाळी पिवळ्या रेघेकडे एकदा बघून घेतात. काल त्यांनी मला विचारलं, “त्या पोरीच्या बापाला नेमकं काय नाही कळलं? त्याला म्हणावं, ये इथे, परत सांगते.”

दोन गोष्टींचं उत्तर हवं आहे. तक्रार मागे घेतोस की नाही, हे समितीच्या पत्त्यावर कळव. तेव्हा तुला खरंच कळत नव्हतं का, हे मला कळव. दोन्ही उत्तरं १४ मार्चपर्यंत पोचतील अशी पाठव.

तुझी बहीण